लिंक संपायच्या आत

१५ ऑक्टोबर २०२५

त्या दिवशी भाकरी तव्यावर होती आणि तेवढ्यात नळ आला. एका हाताने पाइप ड्रममध्ये सोडला, दुसऱ्या हाताने भाकरी उलटली, अम्मांचा चहा गाळला आणि मग उंबऱ्यात बसून नवऱ्याच्या चपलेच्या पट्ट्याला टाके घातले. गादीचाच दोरा, गादीचीच सुई. दर महिन्या-दोन महिन्याला उजव्या पायाचा पट्टा तुटायचा, कारण आमच्या गाद्यांच्या दुकानाचं शटर अडकलं की ते खालच्या कोपऱ्याला लाथ मारायचे. मी म्हणायचे, शटरला तेल घाला. ते म्हणायचे, "तेल आणायला जावं लागतं, पाय तर सोबतच असतो." त्या सकाळीही हेच बोलणं झालं. डबा घेऊन गेले. दुपारी दुकानातला गडी कोंडीबा रडत आला. कापूस पिंजायच्या मशीनजवळ त्यांच्या छातीत कळ आली, जीपमध्ये घातलं, नांदेडच्या रस्त्यावरच गेले. कोंडीबाने चप्पल पिशवीतून आणून दिली. टाके शाबूत होते.

काल चाळिसावं झालं. पाहुणे गेले. माझी लेक नाहिद वसमतला तिच्या घरी गेली. जाताना तिची जुनी अर्धी कोरी वही ठेवून गेली. म्हणाली, "अम्मी, कुणाशी बोलत नाहीस तर यात लिही."

घरात आम्ही आमच्या भाषेत बोलतो, पण लिहायला मला मराठीच येते. शाळेत मी गेले नाही. नाहिद पहिलीत होती तेव्हा रजई शिवता शिवता तिच्या पुस्तकातून अक्षरं शिकले. सावकाश वाचते, ओळीखाली बोट ठेवून. पण हाती आलेलं शेवटपर्यंत वाचते.

मी इद्दतीत आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही, परक्या मर्दासमोर येत नाही. जानेवारीत संपेल. घरात मी आणि अम्मा, म्हणजे सासूबाई.

१९ ऑक्टोबर

अय्याज अजून इथेच आहे. हा माझा धाकटा दीर. नांदेडला फोमच्या गाद्यांच्या कंपनीत कामाला आहे. त्याला बरीच सुट्टी दिलेली दिसते, कंपनी चांगली असावी. इद्दतीत दिरापासूनही पडदा असतो, म्हणून अम्मांनी मधल्या दारात जुनी चादर टांगली आहे. तो ओसरीत बसतो, मी आत.

आज चादरीपलीकडून म्हणाला, "भाभी, दुकानाचं ठरवावं लागेल. गाळ्याचा करार भाईच्या नावावर होता. मालक नरसिंगराव म्हणतात, भाभी ज्याचं नाव सांगतील त्याच्या नावानं नवा करतो."

"मग?"

"माझ्या नावानं करू. मी फोमची एजन्सी टाकतो. तुम्हाला दर महिन्याला घरपोच पैसे देत जाईन. कोण पिंजून राहिलं आता कापूस? मशीन इकून टाकू."

मी विचारलं, "आणि कोंडीबा?"

"त्याचं वय झालं भाभी."

त्याचं बोलणं वाईट नव्हतं. मी बाहेर जाऊ शकत नाही, मशीन मला चालवता येत नाही. मी म्हटलं, बरं.

पूर्वी असं काही असलं की ते घरी कागद आणायचे, मी सही करायची, मग ते स्टँडजवळ जाऊन स्कॅन करून पाठवायचे. सहीची वेलांटी मी मोठी काढते, ती कागदाबाहेर जाते म्हणून स्कॅनवाला पोरगा हसायचा. आता कागदच नाही. अय्याज म्हणाला, संमतीपत्र मोबाइलवर येईल, वाचायचं, खाली बटण दाबायचं, आधारचा नंबर टाकायचा, मग फोनवर आकडे येतात ते भरायचे. झाली सही.

अम्मा म्हणाल्या, "बघ, इद्दतीत घरबसल्या सही. अल्लानंच सोय केली."

एक अडचण निघाली. माझ्या आधारला नंबर नवऱ्याचा लावलेला आहे. आकडे त्यांच्या फोनवर येणार. तो फोन मी बंद करून ट्रंकेत, त्यांच्या सदऱ्यांखाली ठेवला होता.

२० ऑक्टोबर

फोन काढला. चार्जिंगला लावला. सदऱ्याचा वास फोनला लागलेला होता. थोडा वेळ तसाच हातात धरला.

चालू झाल्यावर तो थरथरतच राहिला. दीड महिन्याचे मेसेज. मी ते वाचत होते तोच वाजला. मला वाटलं, आकडे आले. उचलला.

"जमीलभाई, कवाचा फोन लावून राहिलो! आमच्या गादीचं काय झालं? पाव्हणे येऊन बसले, अन् भाचे पोत्यावर झोपून राहिले."

मी फोन अम्मांकडे दिला. अम्मांनी सांगितलं. तिकडचा माणूस रडला. नर्सीचा होता. म्हणाला, "गादी राहू द्या माय."

फोन ठेवल्यावर मी अम्मांना म्हटलं, त्या माणसाची गादी भरून तयार असेल, फक्त टाके राहिले असतील. हे भरलेली गादी टाक्याआधी नेहमी दोन दिवस तशीच ठेवायचे.

२१ ऑक्टोबर

सकाळी लिंक आली. अय्याज चादरीपलीकडे बसला होता, हात लांब केला तर चहाचा कप पोचेल इतक्या अंतरावर. त्याने पाठवलं, ते कुठल्या कुठे जाऊन माझ्या फोनवर आलं.

अकरा पानं आहेत. मी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं तर पान सरकून चौथं आलं. मागे आणलं, पुन्हा बोट ठेवलं, अक्षरं एवढी मोठी झाली की एका वेळी एकच शब्द दिसेना.

"भाभी, बोट ठेवू नका. एखादेवेळी सहीच होऊन जाईल!"

"मग मी वाचू कशी?"

"वाचायचं कशाला? सगळे खाली जाऊन बटण दाबतात."

मी खराट्याची काडी मोडून घेतली. लहानपणी कुराण शिकताना आम्हाला हाफिजजी अशीच काडी द्यायचे, अक्षरावर ठेवायला. काडीनं पान हलत नाही. तीन पानं झाली. चौथ्यात "सदरहू" आणि "उपरोक्त" फार आहेत. रात्री बाराला लिंक बंद होते असं वर लाल अक्षरात होतं. झोप आली. बंद झाली.

२९ ऑक्टोबर

अय्याजनं दुसरी लिंक पाठवली. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मधूनच सुरू केलं तर मला काही कळत नाही.

पाचव्या पानावर होते तेव्हा पद्माबाई आल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, हळदीचं शेत आहे. इतके दिवस दुःखाला बसायला यायच्या, आज थोडं बसून इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "भाभी, बोलू की नको असं होऊन राहिलं. आमच्या साक्षीचं लग्न ठरलं. माघात."

"चांगलं झालं की."

"आंदणाची गादी तुमच्याच हातची पायजे. माह्या लग्नातली तुमच्या सासऱ्यानं भरलेली, अजून पाठीखाली आहे. ते फोमचं नको बाई. बसलं की माणूस बुडतंय अन् उठताना दुसऱ्यानं वढावं लागतंय."

चादरीपलीकडे अय्याज खाकरला. पद्माबाईंना तो आहे हे माहीत नव्हतं. त्यांनी जीभ चावली आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, "खोटं सांगते का मी, अय्याजभाऊ?"

मी म्हटलं, दुकानाचं अजून काही ठरलेलं नाही. पण माप सांगून ठेवा. त्यांनी सांगितलं, मी या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. लिंक तेवढ्यात राहून गेली.

९ नोव्हेंबर

त्यांचा फोन बंद करता येत नाही, आकडे कधी लागतील सांगता येत नाही. चालू आहे म्हणून लोक फोन करतात. थंडी सुरू झाली, रजया पाहिजेत. पहिल्यांदा अम्मा म्हणाल्या, इद्दतीत बाईनं परक्या मर्दाशी फोनवर बोलायचं नाही. मग प्रत्येक वेळी त्याच उचलू लागल्या. मी आतून सांगते, त्या पुढे सांगतात. आज कुणीतरी आठवड्यात रजई मागत होतं.

मी म्हटलं, "सांगा, पंधरा दिवस लागतील."

अम्मा फोनमध्ये ओरडल्या, "एक महिना लगेगा! रजई क्या झाड पे लगती? नक्को तो नक्को!"

तो माणूस महिन्याला तयार झाला. अम्मा खूश. म्हणाल्या, "तुझा नवरा लई नरम होता. असं बोलावं लागतं."

कोंडीबाला निरोप दिला. तो दोन दिवसाआड शटर उघडतो, कापूस पिंजतो आणि पोत्यात भरून घरी आणतो. खोळीत भरणं आणि टाके मी करते. यंदा पावसानं कापूस काळा पडला, निवडून घ्यावा लागतो. हे सगळं करार होईपर्यंत. घेतलेली कामं अर्धी टाकता येत नाहीत.

कोंडीबा दाराबाहेरून म्हणाला, "भाभी, शटर लई तकलीफ देतंय. म्या बी लाथच घालून राहिलो."

२३ नोव्हेंबर

तिसरी लिंक. आज अय्याज चिडला.

"भाभी, अख्खी दुनिया दोन मिनिटांत सही करून राहिली. तुमचं वाचणं व्हतच नाही! माह्यावर भरोसा नाही का?"

"भरोसा आहे. डोळे साथ देत नाहीत."

"नाहिदला बोलवू? ती वाचून दाखवेल."

"ती भराभर वाचते. मला कळत नाही."

अम्मा म्हणाल्या, "काल त्या रजईच्या कडेला बारीक टाके घातलेस, तेव्हा डोळे बरे होते."

टाके पाहायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. हे अम्मांना माहीत आहे, तरी बोलल्या.

सहाव्या पानावर लिहिलं आहे की सदर व्यवसायात माझा कोणताही सहभाग नव्हता व नाही. त्या ओळीवर काडी ठेवली आणि पुन्हा वाचली. मग भाजी करायची होती म्हणून उठले.

३ डिसेंबर

चौथी लिंक. लाइट गेली, टॉवरही गेला. माझा त्यात काही दोष नाही.

१४ डिसेंबर

दुकानातून आणवलेल्या नर्सीवाल्याच्या गादीचे टाके आज संपवले. तो नको म्हणाला होता, तरी केली. मोठ्या गादीला एका बाजूनं सुई घालायची आणि पलीकडच्यानं ओढून परत द्यायची असते. पलीकडे नेहमी हे बसायचे. सुई देताना बोटाला टोचली की म्हणायचे, दुश्मनी काढतेस का. आज मी सुई घातली आणि थांबले. पलीकडून कुणी ओढेना. मग उठून पलीकडे गेले, ओढली, परत अलीकडे आले. असं गादीभर केलं.

पाय दुखतात. गादी बराबर झाली.

अय्याज आज दिवसभर ओसरीतच होता. संध्याकाळी चादरीपलीकडून म्हणाला, "भाभी, मी आलो असतो पलीकडून वढायला. पण पडदा." मी म्हटलं, व्हय रे. कंपनीनं त्याला अजून बोलावलेलं नाही. नवे कपडेही घेतले नाहीत त्यानं, दोनच शर्ट आलटून पालटून घालतो, मी वाळत टाकते म्हणून मला दिसतं. बचत करत असेल.

२८ डिसेंबर

गाळ्याचे मालक नरसिंगराव दाराशी येऊन गेले. उभ्याउभ्याच बोलले. अम्मा दारात, मी आत.

"भाभी, मला घाई नाही. जमीलभाई माझ्या बापाच्या वक्तापासून भाडेकरू. पण दोन म्हयने झाले, अय्याज म्हणतो भाभींची सही येऊन राहिली, येऊन राहिली. तुमचं मन काय ते सांगा. तुमी म्हणाल ते नाव."

अम्मांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी आतून म्हटलं, "वाचून होऊ द्या भाऊ."

ते म्हणाले, "वाचा बापा," आणि हसले. काय हसण्यासारखं होतं ते मला समजलं नाही.

११ जानेवारी २०२६

आज इद्दत संपली. सकाळी अंघोळ केली. अम्मांनी मधल्या दाराची चादर काढून धुवायला टाकली. घर एकदम लांब दिसायला लागलं.

चार महिन्यांनी अय्याजचं तोंड पाहिलं. गाल बसलेत, दाढीत पांढरं आलंय. आवाजावरून हे कळत नव्हतं.

तो म्हणाला, "भाभी, शेवटची लिंक पाठवली. आज नाही झालं तर एजन्सी दुसऱ्याला जाईल."

मी त्याच्यासमोरच ओसरीत बसले. काडी घेतली, पहिल्या पानापासून सुरू केलं. तो बसून राहिला. अम्मा तसबीहचे मणी ओढत बसल्या. मधे ह्यांचा फोन वाजला, अम्मा म्हणाल्या, "अब्बी नक्को, दुल्हन पढ रही," आणि ठेवला. सुनेला त्या दुल्हनच म्हणतात. दुपारच्या नमाजाआधी अकरावं पान आलं. म्हणजे मला एका सकाळीत सगळं वाचता येतं. हे मला माहीत नव्हतं.

शेवटी दोन बटणं होती. एक हिरवं, सहीचं. त्याखाली बारीक अक्षरात: सही करायची नसल्यास इथे दाबा. हे बटण इतके दिवस खालीच होतं. तिथपर्यंत मी कधी गेलेच नव्हते.

मी काडी त्यावर ठेवली आणि अय्याजला म्हटलं, "सहाव्या पानावर लिहिलंय की माझा सहभाग नव्हता. ते खरं नाही."

"भाभी, ते तसंच लिहितात. मजकूर तयार असतो."

"असेल. पण त्याखाली सही माझी आहे."

तो खाली बघून म्हणाला, "भाभी, मला नोकरी नाही. बकरीदेपासून नाही. भाई असताना सांगणार होतो, राहून गेलं. हे दुकान मिळालं असतं तर..."

अम्मांची तसबीह थांबली. त्यांनाही माहीत नव्हतं. मी दोन शर्ट वाळत टाकत होते, मला समजायला हवं होतं.

मला फार वाईट वाटलं. बटणावरून काडी उचलली. हिरव्यावर बोट ठेवावं असंही मनात आलं. एक सही, आणि पोराचं भागतं. पण मग कोंडीबा, आणि मागच्या पानावर लिहून घेतलेली मापं, आणि साक्षीची गादी. आणि मी इथे बसून दर महिन्याला घरपोच येणाऱ्या पैशांची वाट पाहणार.

मी म्हटलं, "गाळा मी चालवणार. दुकानापुढचा ओटा तुझा. तुझ्या फोमच्या दोन गाद्या तिथं मांड, बघू कोण घेतं. नाहीतर आत ये, पलीकडून सुई ओढायला माणूस पायजेच."

"ओट्यावर एजन्सी देत नाहीत, भाभी."

"मग सुई ओढ."

अम्मा म्हणाल्या, "लहानपणी येत होतं तुला. बापाच्या हाताखाली."

तो उठून बाहेर गेला. न जेवता.

मी बोटानं खालचं बटण दाबलं. पान बदललं आणि कारण लिहायला चौकट आली. कारण लिहायला मला वेळ लागला. एक एक अक्षर शोधून लिहिलं: दुकान चालू आहे. मग पाठवलं. त्यासाठी आधारचा नंबर, आकडे, काही लागलं नाही.

नरसिंगरावांना मीच फोन लावला. म्हटलं, करार माझ्या नावानं करा. ते म्हणाले, "करतो. कागद आणू का लिंक पाठवू?"

"लिंक पाठवा. पण दोन दिवसांची पाठवा."

संध्याकाळी अय्याज आला, अम्मांनी वाढलं, खाली मान घालून जेवला. झोपायच्या आधी अम्मांना विचारत होता, बाबांची लांब सुई कुठे असते.

१२ जानेवारी

सकाळी नळ भरला, भाकरी केल्या, अम्मांना चहा दिला. स्टँडजवळच्या दुकानातून मशीनच्या तेलाची बाटली घेतली. गाळ्यावर गेले, शटरच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत तेल सोडलं, थोडा वेळ थांबले आणि दुकान उघडलं.